माझ्या अंगावर चाललेली लढाई

एक सांगा मला, भरवसा कुणावर ठेवावा? जो त्या दिवशी होडीत बसला होता त्याच्यावर, की ज्यानं पंचवीस वर्षांनी त्या होडीचा सिनेमा काढला त्याच्यावर? घाई नको. सुपारी फोडा, चुना लावा, चघळत बसा. तोवर मी बोलतो.

मी एक पडदा आहे. सिनेमाचा. शहरातल्या थिएटरात सोनेरी झालर लावून मिरवतो तसला नव्हे. जाड पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या मधोमध शिवून मला केलंय. दोन नारळांमध्ये ताणला की मी थिएटर, आणि घडी घातली की बिस्किटांच्या डब्यांवरचं पांघरूण. मोठेपणाचा आव मला कधी परवडला नाही.

कुठल्या गिरणीत विणला गेलो ते आठवत नाही. शुद्धीवर आलो तो दूर दक्षिण समुद्रातल्या बेटांवर, गिझो बंदरात, चान विंगच्या दुकानात, साबणाच्या वड्या आणि तंबाखूच्या कांड्या यांच्या मधल्या फळीवर. चानशेठनं शाळा पाहिली नव्हती. डब्यांवरची लेबलं वाचून तो अक्षरं शिकला आणि गिऱ्हाइकांशी वाद घालून भाषा. त्याच्या फळीवर वाढलेल्याला माणूस पारखायची खोड लागतेच. येताक्षणी किंमत विचारणारा घेत नाही. कापडाचा कोपरा चिमटीत धरून, दुसरीकडे बघत इकडचं तिकडचं बोलणारा घेतो. आणि ‘माझ्यासाठी नको हो, दुसऱ्यासाठी विचारतोय’ म्हणणाऱ्याला तर नक्कीच हवं असतं.

मला मात्र कुणी घेतलं नाही. मायदेशी परतणाऱ्या एका मिशनऱ्यानं चानशेठला सिनेमाचं यंत्र विकलं, आणि शेठनं मला फळीवरून खाली ओढला. त्याची एक डुगडुगती मोटारबोट होती. ती घेऊन तो बेटाबेटांवर सुकं खोबरं गोळा करत फिरे. त्याचा हिशोब सरळ होता : सिनेमा दाखवायचा म्हटलं की लोक दुपारपासून धक्क्यावर येऊन बसतात, आणि बसलेल्या माणसाला बिस्किट लागतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी जन्मात एकही सिनेमा पाहिलेला नाही. तो माझ्या अंगावर चालतो, मला कसा दिसणार? मी पाहिले ते बघणाऱ्यांचे चेहरे, तेही दोन्ही बाजूंचे. सुरू करायच्या आधी शेठ माझ्यावर बादलीभर पाणी मारी. ओल्या कापडातून चित्र पलीकडे उमटतं, त्यामुळे अर्धा गाव माझ्या पाठीमागे बसे. पाठीमागून सगळं उलटं दिसतं. एकदा त्यावरून दोन भाऊ हातघाईवर आले होते. एक म्हणे नट डावखुरा आहे, दुसरा म्हणे मुळीच नाही. शेठनं दोघांनाही ‘तुझंच खरं’ म्हणून सांगितलं आणि दोघांना बिस्किटं विकली.

आता वारेकोनाची गोष्ट. खाजणाच्या काठचं हे गाव. इथला हेबाला महायुद्धात गाजलेला माणूस. एक अमेरिकन वैमानिक समुद्रात पडला, त्याला हेबालानं होडीच्या तळाशी लपवलं आणि जपान्यांच्या नाकासमोरून वल्हवत नेऊन डोंगरावर रेडिओ घेऊन दडलेल्या साहेबाच्या हवाली केलं. एवढं सगळ्या बेटांना ठाऊक होतं. होडीत दोघं होते, हेही गावाला ठाऊक होतं. दुसरा होता हेबालाचा मेहुणा रिकेनी, त्याच्या बायकोचा, लिसीचा, धाकटा भाऊ.

इथेच सगळी गाठ बसली. तुमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, असं मी ऐकून आहे. इकडे दाजी-मेहुणे एकमेकांचं नाव घेत नाहीत. घेतलं तर बायकोच्या माहेराचा अपमान, आणि भर सभेत घेतलं तर डुक्कर आणि शिंपल्याचं कडं असा दंड. म्हणून डोंगरावरच्या साहेबाच्या कारकुनानं विचारलं, “सोबत कोण होतं?” तेव्हा हेबाला म्हणाला, “माझा मेहुणा.” कारकून म्हणाला, “नाव सांग.” हेबाला पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. दुसऱ्या कुणी नाव सांगितलं असतं, पण गावचं दुसरं कुणी तिथं नव्हतं. रिकेनी होडी राखायला खालीच थांबला होता. कारकुनाला घाई होती. त्यानं लिहिलं, ‘सोबत एक नातलग’, आणि पुढच्या कामाला लागला.

पुढे त्या वैमानिकाचे केस पिकू लागले, त्यानं कुणाला तरी गोष्ट सांगितली, त्या कुणीतरी कारकुनाचा कागद शोधला आणि दूर कुठल्या तरी देशात सिनेमा निघाला. हेबालाला कुणी विचारलंही नाही. राजधानीत, होनियारात, सिनेमा लागला, रेडिओवर हेबालाचं नाव सांगितलं, आणि बिचाऱ्याचे वाईट दिवस सुरू झाले.

कारण आमच्याकडे मोठा माणूस म्हणजे ज्याच्या घरी जास्त लोक जेवतात तो. नाव झालं की जेवणाच्या भट्टीचे दगड तापलेलेच ठेवावे लागतात. लांबलांबच्या बेटांवरून होड्या यायला लागल्या. “आम्ही तुमच्या आत्याच्या दिराच्या गावचे!” म्हणत लोक ओसरीवर बसत आणि डुकरांच्या कुंपणाकडे प्रेमानं बघत. रताळी गेली, अळूचे कंद गेले, एक एक करून डुकरं गेली. राहिली एक म्हातारी डुकरीण. लिसी तिला आपल्या झोपायच्या खोलीमागे बांधू लागली.

आणि हेबाला जितकं नाही म्हणे, तितकं त्याचं नाव वाढे.

“मी काही केलं नाही हो. केलं ते मेहुण्यानं. मी नुसता बसलो होतो.”

“बघा! एवढं करून बोलतोय कसा! मोठी माणसं अशीच असतात.”

पाहुणे माना डोलवत आणि आणखी एक दिवस मुक्काम करत.

अशात चानशेठनं तो सिनेमा मिळवला आणि आम्ही वारेकोनाला निघालो. त्याच दिवशी जिल्ह्याचा साहेब, ॲशबी नावाचा लालबुंद, सज्जन तरुण, गावात येणार होता. सरकार धक्क्यावर हेबालाच्या नावाचा दगड बसवणार होतं. दगडावर काय कोरायचं ते सिनेमा झाल्यावर गावासमोर ठरवून साहेब सकाळी परत जाणार होता.

बोट धक्क्याला लागली तसा हेबाला एकटाच वर आला. शेठ माझी उसवलेली शिवण दुरुस्त करत होता, म्हणून सगळं माझ्या कानावर पडलं.

“शेठ, सिनेमात मेहुणा आहे?”

शेठनं दाभण थांबवलं. “आहे. पण तू बघू नकोस.”

“का?”

“भित्रा दाखवलाय. दात काढतो, पोट धरून पळतो. जपानी बोट दिसली की होडीतून पाण्यात उडी मारतो आणि तू एकटा सगळ्यांना कापून काढतोस. दातात सुरा धरून.”

हेबाला तंबाखूच्या पेटीवर बसला. “सिनेमा झाला की दगड ठरणार. आज अख्खा गाव हे बघणार. होडीत माझ्यासोबत कोण होतं ते गावाला ठाऊक आहे. म्हणजे पोरंबाळं त्यालाच भित्रा म्हणणार ना?” त्यानं मान वर केली. “शेठ, तू सिनेमा चालू असताना आमच्या भाषेत सांगतोस ना, कोण काय बोलतंय ते? आज खरं सांग. नाव घेऊन सांग. मला घेता येत नाही, तुला येतं.”

“माझं कोण ऐकणार? मी बिस्किटं विकणारा.”

“तुझं सगळे ऐकतात.”

“ऐकतात रे. विश्वास ठेवत नाहीत.” शेठ हसला. पण दाभण पुन्हा चालवताना म्हणाला, “बरं. बघतो.”

सूर्य बुडाला. मला धक्क्याजवळच्या दोन नारळांना बांधला, पाणी मारलं. पुढे चटईवर हेबाला, लिसी आणि पाहुणे, मधोमध खुर्चीवर ॲशबीसाहेब. रिकेनी माझ्या पाठीमागे, वाळूवर ओढलेल्या आपल्या होडीत आडवा पडून. त्याची ती नेहमीची जागा. काटकुळा माणूस, पुढचे दोन दात नसलेला. त्याच्या चकाट्या ऐकायला पाठीमागे नेहमीच जास्त गर्दी असे.

यंत्र घरघरलं आणि माझ्या अंगावर लढाई सुरू झाली. मला दिसले ते चेहरे. सिनेमातला हेबाला आला तेव्हा सगळ्यांची तोंडं उघडी पडली. चानशेठ म्हणाला, “हा हेबाला.”

“हा?” लिसी ओरडली. “एवढी छाती कुणाची? आणि अंगाला तेल का फासलंय?”

थोड्या वेळानं एक गोरी नर्स आली. तिनं हेबालाच्या जखमेवर पट्टी बांधली आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. बायकांमध्ये चुळबुळ झाली.

“ही कोण?” लिसीचा आवाज खाली आला. खाली आला की तो जास्त वाईट.

“अगं, मी तिला आयुष्यात पाहिली नाही!”

“पट्टी बरी बांधली की न बघता.”

“जखमच नव्हती गं मला!”

“मग उद्यापासून पाहुण्यांना तीच वाढेल. कळवा तिला. रताळी संपलीत म्हणावं.”

बायका खिदळल्या. पाठीमागून रिकेनी ओरडला, “दाजी, इकडून ती डावखुरी दिसते! डावखुरीच्या नादी लागू नका!” सगळा धक्का हसला. आणि लगेच त्या हसण्यातच तो भित्रा नातलग आला. दात काढले, पोट धरलं, जपानी बोट पाहून किंचाळला आणि धबकन पाण्यात पडला.

हसणं एकदम वाढलं. मग कमी झालं. मग मी एक विलक्षण गोष्ट पाहिली. पुढचे लोक एकेक करून माना वाकड्या करून माझ्या कडेनं पाठीमागे बघू लागले. पाठीमागचे लोक होडीकडे बघू लागले. रिकेनीचा मुलगा, चांगला बाप्या माणूस, खाली मान घालून वाळू उकरत बसला. हसत होता फक्त रिकेनी. सगळ्यांत मोठ्यानं.

चानशेठनं घसा खाकरला. “असं झालं नाही बरं का. हे सिनेमावाल्यांचं. खरं म्हणजे रिकेनीनं...”

“शेठ, पुरे!” कुणीतरी म्हणालं. “असं बोललास म्हणून तुझी बिस्किटं जास्त खपणार नाहीत!”

“अरे, खरं सांगतोय.”

“मागच्या खेपेला शिळी बिस्किटं पण ताजीच म्हणून विकली होतीस!”

लोक पुन्हा हसले. शेठनं हेबालाकडे पाहून हात पसरले.

हेबाला उठला. लिसीनं त्याचा हात धरला, तो त्यानं हळूच सोडवला. चालत चालत तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. यंत्राचा उजेड त्याच्यावर पडला. दातात सुरा धरलेला तो धिप्पाड नट त्याच्या गुडघ्यांवर, पोटावर, पांढऱ्या केसांवर वेडावाकडा नाचत होता. त्याची सावली माझ्या छातीवर पडली. म्हाताऱ्या माणसाची, जरा पोक आलेली सावली. माझ्यावर पडलेल्या सगळ्या हेबालांमध्ये तेवढा एक खरा होता.

“बंद कर रे ते.”

शेठनं यंत्र थांबवलं. कंदिलाचा उजेड उरला.

“जपानी बोट आली तेव्हा माझ्या हातातलं वल्हं गळून पाण्यात पडलं,” हेबाला म्हणाला. “मी थरथरत होतो. कपडे ओले केले होते मी. गोरा माणूस माझ्या पायाशी, नारळाच्या झावळ्यांखाली. वाचवला तो दुसऱ्यानं. गेली इतकी वर्षं सांगतोय, तुम्ही त्याला माझा मोठेपणा म्हणता. आता नीट ऐका.” त्यानं श्वास घेतला. “रिकेनीनं.”

वाऱ्याची झुळूकही नव्हती, तरी मी हललो असं मला वाटलं. लिसीनं हातांनी तोंड झाकलं. म्हाताऱ्या बायकांनी ‘आह्’ केलं. भर सभेत, सरकारी साहेबासमोर, दाजीनं मेहुण्याचं नाव घेतलं होतं.

“रिकेनीनं,” हेबाला पुन्हा म्हणाला. एकदा दंड लागलाच होता.

ॲशबीसाहेबाला फक्त नाव कळलं. तो आनंदानं पेन्सिल काढत उठला. “वा! म्हणजे दगडावर दोन नावं!”

“नाही!” पाठीमागून आवाज आला.

रिकेनी माझ्या कडेनं पुढे आला. त्याचं हसू कुठेच नव्हतं. तसा त्याचा चेहरा मी तोवर पाहिला नव्हता.

“काय केलंत हे दाजी? मला सिनेमात भित्रा केला, मी काही बोललो? सुखात होतो की. तुम्ही मोठे, मी मासे मारतो. तुमच्याकडे पाहुणे, माझ्याकडे झोप.”

“मला नाही झोप लागत, मेहुणे.”

“मग मी सांगितलं तर मला लागेल का?” रिकेनी वाळूत बसला.   “त्या बोटीत एक पोरगा होता. जपानी. माझ्याच वयाचा, नाकाला ऊन लागून साल निघालेला. बंदूक रोखून होता. मला काही सुचेना, म्हणून मी मासा उचलला आणि नाचवला, वेड्यासारखा. तो मासा माझ्या तोंडावर आपटला. पोरगा हसला. इतका हसला की बंदूक खाली गेली. मी त्याला सगळे मासे दिले. मासे घेताना तो वाकला होता. तेव्हा त्यानं झावळ्यांखालचा बूट पाहिला.”

“पाहिला?” हेबाला म्हणाला. हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

“पाहिला. माझ्याकडे बघितलं. आणि आपल्या माणसांना ‘चला’ म्हणून हात केला. शूर कोण होतं ते आता तुम्ही ठरवा.” रिकेनीनं तोंडावरून हात फिरवला. “गोऱ्यानं डोंगरावर जाऊन सांगितलं ती बोट कुठे फिरते ते. दोन दिवसांनी विमानं आली, बोट पेटली, बुडाली. आपण सगळ्यांनी काठावर उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्याच्यावर दगड बसवून त्यावर माझं नाव घालताय?”

 ॲशबीसाहेबाची पेन्सिल तशीच हवेत राहिली. हेबाला उभा होता तो येऊन मेहुण्याशेजारी बसला.

“हे ओझं एकट्यानं वाहत होतास होय रे,” तो म्हणाला. “मला वाटलं, मीच.”

“आता कळलं ना? मग घ्या नाव परत.”

“ते कसं घेणार? डुक्कर देऊन बसलो.”

रिकेनीला हसू फुटलं. रडताना फुटतं तसलं. “म्हातारी डुकरीण? ती शिजायला तीन दिवस लागतील, दाजी.”

“शिजवा चार दिवस,” लिसी हातांआडून म्हणाली. “माझ्या खोलीमागून एकदाची जाऊ दे.”

रीतीप्रमाणे दंड दिला गेला. डुक्कर आणि हेबालाच्या आजोबांचं शिंपल्याचं कडं. रीतीप्रमाणेच रिकेनीला ते डुक्कर अख्ख्या गावाला वाटावं लागलं, आणि अशा रीतीनं नको नको म्हणत असताना तोही मोठा माणूस झाला. पाहुण्यांची एक होडी तर तिथूनच त्याच्या ओसरीकडे वळली. हेबाला त्या दिवशी दुपारभर घोरत पडला होता, असं लिसी चानशेठला सांगत होती.

दगडाचं म्हणाल, तर रिकेनीनं एक अट घातली, साहेबानं ती मान्य केली, आणि काही महिन्यांनी आमच्याच बोटीतून दगड आला. मला त्याच्याभोवती गुंडाळला होता, म्हणून कोरलेलं सगळं मी अंगानं वाचलं. पहिल्या ओळीत हेबाला. दुसऱ्या ओळीत रिकेनी. तिसऱ्या ओळीत : ‘आणि तो जपानी मुलगा, ज्यानं पाहिलं आणि जाऊ दिलं. नाव ठाऊक नाही.’

गंमत अशी की हा दगड त्या दोघांपैकी कुणा एकट्याला वाचता येत नाही. हेबालाला दुसरी ओळ उच्चारता येत नाही, रिकेनीला पहिली. पाहुण्यांनी ‘वाचून दाखवा’ म्हटलं की दोघांनाही बोलावणं जातं. मग दोघं म्हातारे काठी टेकत येतात. रिकेनी दुसरीकडे बघत उभा राहतो आणि हेबाला आपली ओळ म्हणतो. मग हेबाला समुद्राकडे बघतो आणि रिकेनी आपली म्हणतो. तिसरी ओळ ते एकदम म्हणतात. तिथं मात्र दोघांचेही आवाज जरा खाली येतात.

माझं आता वय झालं. यंत्राचा दिवा गेला, तसला दुसरा मिळेना, चानशेठही थकला. त्यानं मला लिसीला देऊन टाकला. ‘तुझ्या डुकरिणीच्या बदल्यात’ म्हणाला, आणि तिनं नवी डुकरीणच मागितली तर नाही म्हणाला. आता मी तिच्या अंगणात पसरलेला असतो. माझ्यावर खोबरं वाळतं, कोंबड्या चालतात, शिवण पुन्हा उसवली आहे. माझी तक्रार नाही. युद्ध अंगावर घेण्यापेक्षा खोबरं बरं.

जाण्याआधी दुकानात वाढलेल्या या जुन्या कापडाची एक विनंती ऐका. तुमच्याही घरात, गावात कुणीतरी मोठं केलं जाईल, त्याच्या गोष्टी होतील. तेव्हा हिशोब चोख ठेवा. ज्याचं आहे ते त्याच्या खात्यावर मांडा, दुसऱ्या वल्ह्यावर कोण होतं ते विचारून घ्या, समोरच्या बोटीत कोण होतं तेही विचारा. आणि एखादं नाव सापडलंच नाही, तर तिथं भलत्याला बसवू नका. ती जागा रिकामी ठेवा.